बारा बाटल्या पांढरी पूड

घोडपदेव, ३ फेब्रुवारी २०२४

चि. प्रितीस,
आत्याचे अ. आ. व जयभीम. वि. वि. फोनवर मला धड ऐकू येत नाही आणि तू ओरडलीस की अख्खा मजला कान देतो, म्हणून हे पत्र.

माझ्या कॉटखाली पेटी ठेवून गेलीस. मी सुतळी सोडली. हो, सोडली! आत बारा बाटल्या, सगळ्यांत पांढरी पूड, वर नुसते आकडे. बाई गं, समुद्राचा अभ्यास करणाऱ्या पोरीकडे पूड कसली? वर तुझे डोळे लाल, अंगावर मांस नाही, आणि त्या उन्मेषचा फोन आला की गॅलरीत जाऊन कुजबुजतेस. मांजर डोळे मिटून दूध पितं, पण जग बघत असतं.

तुझ्या बापाला, गुणाजीला, अजून कळवलं नाही. अशी पूड या घरात एकदा येऊन गेली आहे. आता मला कोणी फसवायचं नाही. खरं काय ते लिही.

लोभ आहे, पण संशयही आहे.
तुझी आत्या,
सुंदराबाई

पणजी, १० फेब्रुवारी

ती. आत्यास,
सविनय जयभीम. पत्र वाचून आधी हसले, मग रडूच आलं. मी नशा करते असं वाटलं तुला? तुझ्या हातची सुकटीची चटणी खाऊन वाढलेली मी?

ऐक. समुद्रात एकाच पेशीचे, डोळ्यांना न दिसणारे जीव असतात. रेडिओलेरिया म्हणतात त्यांना. पाण्यातून कण कण घेऊन ते काचेसारखं जाळीदार घर बांधतात. जीव मेला की घर तळाशी पडतं. चाळीस दिवस बोटीवर राहून आम्ही तो गाळ काढला, दोन वर्षं मी तो धुतला, तेव्हा ही चिमूटचिमूट पूड उरली. हजारो वर्षांपूर्वी समुद्र किती गरम होता ते तिच्यावरून कळतं. मार्चमध्ये मुंबईतल्या मोठ्या मशीनवर माझा नंबर आहे, म्हणून पेटी तुझ्याकडे. डोळे लाल होतात ते सूक्ष्मदर्शकात बघून बघून. उन्मेषचं आल्यावर सांगते, तो संशय तेवढा खरा आहे.

बाटल्या जप. त्या गेल्या तर माझी पीएचडी गेली. विश्वास नसेल तर रविवारी माझी मैत्रीण दर्शना येईल. माटुंग्याला कॉलेजात शिकवते. एक बाटली घेऊन तिच्याबरोबर जा आणि स्वतः बघ.

लोभ ठेव, संशय सोड.
तुझी,
प्रिती

घोडपदेव, १९ फेब्रुवारी

चि. प्रितीस,
आशीर्वाद द्यायला तोंड नाही, तरी जयभीम.

तुझं पत्र येईपर्यंत उशीर झाला होता. माझं पत्र टाकून आले आणि त्याच दुपारी अकरा बाटल्या मोरीत ओतल्या. वर बादलीभर पाणी. बारावी ठेवली, गुणाजीला पुरावा म्हणून.

ती घेऊन दर्शनाबरोबर गेले. तिथल्या यंत्राच्या नळीला डोळा लावला. काय ती नक्षी, प्रिती! बारक्या बारक्या टोपल्या, एकीसारखी दुसरी नाही. आणि असल्या अकरा बाटल्या मी गटारात घातल्या.

राजरत्नदादा काविळीने गेला असं आम्ही तुला सांगितलं. खोटं ते. गिरण्या बंद पडल्या आणि माझा पोरगा गर्द ओढायला लागला. पुडी सापडली तेव्हा म्हणाला, आई, दात घासायची पूड आहे. मी खरं मानलं आणि माझ्या हाताने त्याच्या खिशात परत ठेवली. बावीस वर्षांचा होता. दुधाने तोंड पोळलं होतं गं माझं. त्याचं ऐकलं तर तो गेला, तुझं ऐकायला थांबले नाही तर तुझं काम गेलं.

उरलेल्या बाटलीवर सातचा आकडा आहे.

रागाव, पण पत्र लिही. लोभ ठेव म्हणायची हिंमत नाही.
सुंदराबाई

पणजी, ४ मार्च

ती. आत्यास,
सविनय जयभीम. रागावले होते, म्हणून इतके दिवस लिहिलं नाही. मशीनचा नंबर रद्द केला, सरांची बोलणी खाल्ली. इथल्या शीतगृहात थोडा गाळ शिल्लक आहे. तो पुन्हा धुवायचा, म्हणजे वर्ष गेलं. मनातून गेलं म्हणणार नाही, खोटं कशाला बोलू?

पण ती पुडी तू त्याच्या खिशात परत ठेवलीस, हे मी परत परत वाचलं. बाबांना फोन केला. दादाचं नाव काढलं आणि तेही रडले.

सात नंबर सांभाळ. पुढच्या वर्षी बाकीच्या अकरा भरून आणीन आणि पेटी तुझ्याच कॉटखाली ठेवीन. सुतळी बांधणार नाही.

लोभ होता तेवढाच आहे.
तुझी,
प्रिती