ही घरीच असते

प्रिय नितीन,

'प्रिय' सवयीने लिहिलं गेलं. खोडत नाही, पण त्यावर फार जाऊ नकोस.

तुला जाऊन महिना झाला आणि मला तुझ्यावर लेख लिहायचं काम आलं आहे. मराठी मंडळाचे देशपांडेकाका परवा शोकसभेनंतर म्हणाले, "वैशाली, स्मरणिकेसाठी दोन पानं दे. 'नितीनची घरशाळा' असं नाव देऊ. लोकांना प्रेरणा मिळेल." कालपासून कागद घेऊन बसते आहे. पहिलं वाक्य सुचतं ते छापण्यासारखं नसतं आणि दुसरं तर त्याहून नाही. म्हटलं, लोकांची प्रेरणा राहू दे बाजूला, आधी तुझ्याशी भांडून घ्यावं. दुपारची वेळ आहे, तुझ्या आई झोपल्या आहेत, रेवा पलीकडच्या खोलीत गणितं सोडवते आहे. तिला वाटतंय आई बाबांवर लिहिते आहे. लिहितेच आहे की!

तुझी शोकसभा कुठे झाली, ठाऊक आहे का तुला? शाळेत! पहाडगंजला, मराठी शाळेच्या हॉलमध्ये. पोरीला दुसरीतून काढून घरी बसवणारा तू, आणि तुझा फोटो ठेवला बाईंच्या टेबलावर. मागे हा एवढा मोठा फळा. "फळा आला की शाळा आली," असं म्हणून ज्याने सहा वर्षं घरात साधी पाटी येऊ दिली नाही, तो माणूस हार घालून फळ्यापुढे बसलेला. मला हसू आवरेना. पदर तोंडाला लावला, तर सगळ्यांना वाटलं मी रडते आहे. खालच्या मजल्यावरच्या चढ्ढा आंटींनी लगेच पाण्याची बाटली पुढे केली.

मग भाषणं झाली. तुझे ऑफिसातले सक्सेना म्हणाले, मिनिस्ट्रीतलं एवढं काम सांभाळून साहेब घरी मुलीची शाळा चालवायचे. चढ्ढा आंटी उठून म्हणाल्या, "भाईसाहब ने बेटी को खुद पढ़ाया जी. आजकल कौन करता है?" अरे, या बाईला रोज सकाळी माझा आवाज ऐकू जातो! भागाकार चुकला म्हणून मी रेवावर ओरडले की हीच खालून विचारते, "सब ठीक है ना, वैशाली?" मेल्या म्हशीला मणभर दूध, हे मला माहीत होतं. पण ते मणभर दूध माझं होतं रे!

तेही मी गिळलं असतं. लोक काय, चार चांगले शब्द बोलायला आलेले असतात. पण मग रेवा उठली. कोणी सांगितलं नव्हतं, आपली आपण उठली, तुझ्या फोटोशेजारी उभी राहिली आणि म्हणाली, "मला बाबांनी सगळं शिकवलं."

सगळं!

तिसऱ्या ओळीत त्या लहान मुलांच्या बाकावर गुडघे मुडपून बसले होते मी. शेजारच्या बाईने माझा हात दाबला, मीही तिचा दाबला. हात दाबण्याचं कारण तिचं वेगळं होतं आणि माझं वेगळं.

आठवतं तुला, कसं ठरलं होतं ते? रेवा शाळेतून रडत यायची, हे खरं. वर्गात प्रश्न विचारला की गप्प बसवायचे, हेही खरं. पण तू ऑफिसातून आलास, बूट काढता काढता म्हणालास, "उद्यापासून रेवा शाळेत जाणार नाही. आपण घरी शिकवू." मी विचारलं, आपण म्हणजे कोण? तू म्हणालास, "एक वर्ष फक्त सुट्टी काढ, यार. बिल्कुल एक वर्ष." ओखल्यातली माझी नोकरी तशी काही फार मोठी नव्हती. पण माझी होती, आणि महिनाअखेरीचे हिशेब मला कोणी शिकवायची गरज नव्हती. ते एक वर्ष अजून चालूच आहे.

तू मात्र सकाळी डबा घेऊन मेट्रो पकडायचास. घरात राहायचो आम्ही दोघी आणि तुझी तत्त्वं. घंटा नको, वेळापत्रक नको, फळा नको, परीक्षा तर नकोच. मूल आपलं आपण शिकतं! नितीन, मूल आपलं आपण एकच गोष्ट शिकतं, आईला कसं छळायचं ते. अपूर्णांकांच्या वेळी रेवाने पुस्तक गॅलरीतून खाली फेकलं होतं, ते चढ्ढांच्या तुळशीत पडलं. मी जाऊन माफी मागून आणलं. "बच्ची बीमार है क्या? स्कूल नहीं जाती?" ते भाजीवाल्यापासून गॅसवाल्यापर्यंत सगळे मला विचारायचे. तुझ्या आईंचा नागपूरहून त्याच कारणासाठी फोन आला की तू फोन माझ्या हातात द्यायचास आणि पेपर उघडायचास.

माझं बीजगणित दहावीलाच संपलं होतं. ते मी पुन्हा शिकले, रेवाच्या एक धडा पुढे राहायचं म्हणून. भूगोल शिकले. संस्कृत शिकले, तेही चाळिशीत! मे महिन्यात लाइट गेली की दोघी फरशीवर पडून पाढे म्हणायचो. नोव्हेंबरात बाहेरची हवा धुरकट झाली की खिडक्या लावून आठवडाभर आम्ही दोघी एकमेकींच्या अंगावर.

आणि संध्याकाळी तू यायचास. हातपाय धुऊन सोफ्यावर बसायचास आणि तुझा तो आवडता प्रश्न विचारायचास, "रेवा, आज काय शोधलंस?" आज काय शिकलीस असं नाही हं, काय शोधलंस! ती उड्या मारत सांगायची आणि तू म्हणायचास, "वा! तू स्वतः शोधलंस?" अख्खी दुपार घालवून मी तिला त्या उत्तरापाशी आणून सोडलेलं असायचं. तेव्हा मी आत आमटीला फोडणी देत असायचे. आयत्या बिळावर नागोबा कसा असतो ते पाहायला मला कुठे लांब जावं लागलं नाही.

एक दिवस तर मी कधीच विसरणार नाही. गुडगावहून एक जोडपं आलं होतं, त्यांनाही मुलाला घरी शिकवायचं होतं. तू सोफ्यावर बसून तासभर बोललास. मी चहा आणला, पोहे आणले, मध्येच आत जाऊन रेवाला नकाशात नर्मदा दाखवून आले. ती बाई भली होती. तिने मला विचारलं, "आणि तुम्ही काय करता?" मी तोंड उघडायच्या आत तू म्हणालास, "ही घरीच असते."

ही घरीच असते! वाईट मनाने नव्हतास म्हणाला, मला माहीत आहे. म्हणून तर जास्त राग आला. वाईट मनाने म्हणाला असतास तर तिथेच भांडले असते.

रविवार तुझे होते, हे मी नाकारत नाही. तुघलकाबादचे दगड, मेहरौलीच्या विहिरी, चांदणी चौकातल्या गल्ल्या, सगळीकडे तू तिला घेऊन फिरलास. आज ती कुणालाही न भिता काहीही विचारते, ते तुझं आहे. मला मात्र रविवारी आठवड्याचे कपडे असायचे. थंडीत तुम्ही जुन्या दिल्लीत दौलत की चाट खायचात आणि माझ्यासाठी द्रोणात बांधून आणायचात. तो नुसता दुधाचा फेस रे! फरीदाबादला पोचेपर्यंत त्याचं गोड पाणी व्हायचं. तू दरवेळी म्हणायचास, "तिथे खायला हवं होतंस, वैशू." दरवेळी मी ते पाणी प्यायले. एकदाही म्हणाला नाहीस, कपडे राहू देत, तू चल.

शोकसभेनंतर देशपांडेकाकांनी स्मरणिकेचं सांगून झाल्यावर डोळे पुसत विचारलं, "आता पोरीला शिकवणार कोण?" मी म्हटलं, "मी." ते म्हणाले, "हो, तू आहेसच गं. पण शिकवणार कोण?"

मी रेवाचा हात धरून बाहेर पडले.

परतताना मेट्रोत रेवा माझ्या खांद्यावर डोकं ठेवून बसली होती. म्हणाली, "आई, आता मला शाळेत जावं लागेल ना?" मी विचारलं, का गं, जायचंय का तुला? तर म्हणाली, "नाही. पण बाबा नाहीत ना आता. शिकवणार कोण?"

देशपांडेकाकांचं सोड. हिने विचारावं? मी तिचं डोकं खांद्यावरून उचललं. "आणि मी काय करत होते इतकी वर्षं?" ती बिचारी गडबडली. खूप विचार करून म्हणाली, "तू शिकवतेस असं कधी वाटलंच नाही, आई. मला वाटायचं, आपण दोघी काम करतोय."

हेच तर तू त्या सोफ्यावरून येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचास! मुलाला शिकवतायत हे कळता कामा नये, तेच खरं शिकवणं. म्हणजे तुझी कल्पना अगदी बरोबर ठरली, आणि ती मी खरी करून दाखवली, आणि म्हणूनच माझं नाव कुठे नाही. मेल्यावरसुद्धा वाद जिंकलास, नितीन! बदरपूर येईपर्यंत मी खिडकीकडे तोंड करून बसले.

काल सकाळी उठले आणि इथल्याच एक नंबर मार्केटात गेले. फळा घेतला, चांगला मोठा, हिरवा. दुकानदार म्हणाला, "मैडम, ट्यूशन खोल रहे हो?" मी म्हटलं, "नहीं भैया, स्कूल है. पुराना है." रिक्षात तो धरून बसताना मला इतकं बरं वाटलं, तू गेल्यापासून पहिल्यांदा.

घरी आल्यावर भिंतीचा प्रश्न आला. आपल्या हॉलमध्ये उजेडाची, मोकळी अशी भिंत एकच, दारासमोरची. तुझ्या आईंनी ती तुझ्या फोटोसाठी धरून ठेवली होती, खिळासुद्धा मारून घेतला होता. म्हणाल्या, "फोटो समोरच हवा. आल्यागेल्याला दिसला पाहिजे." मी म्हटलं, "आई, तो जन्मभर आल्यागेल्यालाच दिसला." बोलून गेले खरी. जेवताना त्यांनी मला न मागता दुसरी पोळी वाढली. त्यांनीही कुणाचा तरी संसार असाच केला असेल.

फळा टेबलावर भिंतीला टेकवून ठेवला आणि खडू घेतला. रेवा पाय वर घेऊन खुर्चीत बसली, गंमत बघायला. मी लिहिलं, पाच अधिक तीन, कंसाचा वर्ग. चौकोन काढला, आत दोन रेघा मारल्या. दोन लहान चौकोन आणि दोन आयत. ती लगेच म्हणाली, "ए आई, हे तर आपण केलंय! मटार सोलताना. ताटात पाच-पाच मटार, तीन-तीन शेंगदाणे."

"कोणी मांडले होते ते?"

"आपण."

"कोणी सुचवलं होतं मांडायला?"

ती हळूच म्हणाली, "तू." खुर्चीवरून पाय खाली आले. "आणि नर्मदा?" तिने विचारलं. मी म्हटलं, मी. "आणि संस्कृत? पाढे? ते मिठाच्या पाण्याचे खडे?" मी, मी, मी. मला थांबवेना. "मग बाबा?"

खोटं बोलायची चांगली संधी होती, नितीन. पण तुझ्यासारखं दुसऱ्याचं ढापायची सवय नाही मला. म्हटलं, "रविवार बाबांचा." ती रडली आणि मीही रडले, आणि खडूचे हात तोंडाला लागून दोघी पांढऱ्या झालो. मग तिने फळा पुसला, खडू माझ्या हातात दिला आणि विचारलं, "पुढचं काय?"

तेव्हा आता ऐक. रेवा शाळेत जाणार नाही, दहावी घरूनच देईल, आणि तिला रोज कळेल की कोण शिकवतंय. देशपांडेकाकांना लेख मिळेल, पण त्यावर 'आमची घरशाळा' हे नाव असेल आणि खाली माझं. थंडी पडली की एका रविवारी मी तिच्याबरोबर जुन्या दिल्लीत जाईन आणि ती चाट गाडीपाशी उभं राहून खाईन, कपडे पडले तर पडू देत.

आणि दारासमोरच्या खिळ्यावर फळा लागेल, तुझा फोटो नाही. तुझी जागा मी बघून ठेवली आहे, स्वयंपाकघरात, मिक्सरच्या वर. आमचा अर्धा अभ्यास तिथेच होतो. रोज सकाळपासून बघत राहा, कोण काय शोधतंय ते. फोडणीने डोळे झोंबले तर झोंबू देत, माझे सहा वर्षं झोंबले. हार मी रोज बदलीन, हे वचन. आणि कुणी येऊन विचारलं, की नितीनचा फोटो कुठे दिसत नाही, तर सांगेन, तो आता घरीच असतो.

वैशाली
(रेवाची बाई)