रोजच्या तीन फेऱ्या

३ डिसेंबर
उद्यापासून मैदानावर चालायला जायचं. ठरलं. ही गेल्याला बेचाळीस दिवस झाले, पण त्याचा याच्याशी संबंध नाही. लेकीने फोनवर बजावलं आहे की महिनाअखेरच्या तपासणीत छाती ठीक निघाली नाही तर घराला कुलूप आणि मी तिच्याकडे. मी हे घर सोडून कुठेही जाणार नाही. अठरा वर्षं ही रोज सकाळी मैदानावर निघताना सांगायची, तीन फेऱ्या झाल्या की येते. हिला जमतं, मला न जमायला काय झालं?

४ डिसेंबर
डॉक्टरांनी थंडीत आधी वॉर्म-अप करायला सांगितलं होतं. पांघरुणात वीस मिनिटं केला. अंग छान गरम झालं. मग झोप लागली.

५ डिसेंबर
वॉर्म-अप म्हणजे घरातच हातपाय हलवणं, असं लेकीकडून कळलं. फार हसत होती.

६ डिसेंबर, सकाळी ६.४०
गेलो. गवतावर दव गोठलेलं. एक फेरी ६४० मीटर. जमिनी मोजून नकाशे काढण्यात सारी नोकरी गेली, माझं पाऊल चुकत नाही. आज अर्धी झाली. उरलेल्या अडीचसाठी अख्खा महिना आहे. बाकावर तीन बायका शाली गुंडाळून बसल्या होत्या. व्यायामाला येऊन बसून राहायचं, धन्य आहे. त्यांतली थोरली, ही गेल्यावर घरी भेटायला येऊन गेली होती बहुतेक. मी आतल्या खोलीत होतो.

९ डिसेंबर
एक फेरी. छातीत मधोमध जड झालं, पार जबड्यापर्यंत. थांबलं की जातं. थंड हवेने फुप्फुसं धुऊन निघतात, त्याचाच परिणाम. बरीच मळली असावीत.

१२ डिसेंबर
डॉक्टरांचा कागद पुन्हा वाचला. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो, हृदयाला जादा काम पडतं. नाकातोंडावर रुमाल बांधा, ऊन आल्यावर जा, छाती भरून आली तर थांबा आणि लगेच फोन करा. रुमालाचं तंतोतंत पाळतो आहे. फोन केला नाही. डॉक्टरांनाही सकाळची झोप असते.

१५ डिसेंबर
सव्वा फेरी. वाटेत दोनदा थांबून बुटाची नाडी बांधली. सुटली नव्हती. लेकीला दोन फेऱ्या सांगितल्या.

१९ डिसेंबर
दुसऱ्या फेरीत खाली बसावं लागलं, थेट गवतावर. एवढ्या थंडीत घाम. म्हणजे व्यायाम लागू पडतोय. थोरलीने दंडाला धरून बाकावर नेलं आणि फैलावर घेतलं. या वयात जीव द्यायचा आहे का, म्हणाली. मी म्हटलं, ही रोज तीन फेऱ्या करायची, मला दोन होईनात. तिघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मग एकीने थर्मास वर केला. म्हणाली, तिच्या फेऱ्या चहाच्या. ही फाटकापासून बाकापर्यंत यायची, तेवढंच चालणं. गुडघे दुखायचे म्हणे. मला कधी बोलली नाही.
किंवा बोलली असेल.

२० डिसेंबर
अठरा वर्षं मी ऑफिसात आणि बाहेरही सांगत आलो, आमची ही रोज दोन किलोमीटर चालते.

२४ डिसेंबर
थोरलीने परस्पर लेकीला कळवलं. लोकांना उपकाराची हौस असते. लेक आली, दवाखान्यात नेलं, चालत्या पट्ट्यावर उभं केलं. दोन मिनिटांत त्यांनी मशीन बंद केलं. मी म्हटलं, आता कुठे वॉर्म-अप होतोय. कोणी हसलं नाही. हृदयाची एक वाहिनी अरुंद झाली आहे. गोळ्या चालू, थंडी सरेपर्यंत पहाटे बाहेर पडणं बंद, एकटं राहणं बंद.

२८ डिसेंबर, सकाळी ११.३०
दुपारची गाडी. लेक बॅग भरते आहे. हिच्या कपाटाला हात लावू नकोस, असं सांगितलं. ऊन आल्यावर बाकापर्यंत जाऊन आलो, सावकाश. तिघी मुद्दाम थांबल्या होत्या. चहा दिला. थोरलीने विचारलं, ती तुम्हाला एवढं बोलवायची, मग तुम्ही एकदाही कसे आला नाहीत हो? मी सांगितलं, सकाळी ऑफिसची घाई असायची. खरं आहे, म्हणाल्या.
ऑफिस साडेदहाला असायचं. शेवटची सहा वर्षं तर तेही नव्हतं.