पट साठ, भाषण चाळीस

३ मे. साहेबांनी ऑफिसात बोलावलं. शाळेचा पट एकावन्न. जूनमध्ये साठ भरला नाही तर मुख्याध्यापकपद रद्द, म्हणजे मी परत पहिलीच्या वर्गावर. या वयात पोरांची नाकं पुसायची! संकल्प : साठ नव्हे, शंभर. शाळेत परतलो तर खुर्चीसुद्धा डुगडुगतेय. सुतार बोलावणे.

६ मे. मुलं का गळली याचा सखोल अभ्यास केला. कारण एकच : पालकांचा कृतघ्नपणा. टेकडीवरच्या शाळेत घसरगुंडी आहे म्हणे. आमच्याकडे रोज परिपाठाला माझं चाळीस मिनिटांचं भाषण असतं. घसरगुंडीवर कुणाचं चारित्र्य घडलंय?

७ मे. बायको म्हणाली, उन्हात पोरं चक्कर येऊन पडतात, ते भाषण आवरा जरा. वर्षभरात फक्त चार पडली. घरातच फितुरी.

१२ मे. बांधकामावरच्या कामगारांच्या वस्तीत गेलो. चार घरं, तीन भाषा. त्यांना आपली भाषा येत नाही, म्हणून भाषण मुद्दाम सावकाश केलं. सव्वा तास. एक गृहस्थ मध्येच उठून गेले. भारावले असणार. पाय भयंकर दुखतायत. उद्यापासून बाई जातील. नाहीतरी शाळेत शिक्षक आम्ही दोघंच.

२० मे. बाईंनी चौदा नावं आणली! माझ्या भाषणाचा परिणाम.

२८ मे. रिक्षावाला भेटला. यानेच मुलगी काढून टेकडीवर घातली होती. आपणहून म्हणाला, आणतो परत, बाईंनी सांगितलंय सगळं. मग माझा हात हातात घेऊन म्हणाला, तब्येतीला जपा, सर. हळवा झाला बिचारा. सुतार राहिलाच.

१५ जून. शाळा सुरू. पट बहात्तर! स्वागताला गेटवर उभा राहिलो. मला बघताच रिक्षावाल्याने मुलीचा हात घट्ट धरला. अहो बाई, हे अजून इथंच? नवे सर येणार म्हणालात ना? बाई म्हणाल्या, बदलीची ऑर्डर निघालीय, जातील महिन्याभरात. माझ्यासमोर!

दुपारी जाब विचारला. बाई वह्या तपासता तपासता म्हणाल्या, सर, पद टिकवायचंय की भाषण? दोन्ही टिकवलं की पट एकावन्न होतो.

१६ जून. परिपाठ बाईंनी घेतला. सात मिनिटांत आटोपला. मी ऑफिसात, दार लोटून. बाहेर मुलं हसत होती. कोणी पडलं नाही. विश्वासघातकी आहेत सगळे.

आजचं भाषण लिहून तयार होतं. घडी घालून खुर्चीच्या पायाखाली सरकवलं. आता डुगडुगत नाही.