चिखल्याच्या अंड्यांवर छत्री

३ एप्रिल. सकाळी ६.४०.

लेकीने अखेर होकार दिला. किनाऱ्यावरच्या अभयारण्यात ती निरीक्षक आहे. कंत्राटी का असेना, आहे. चिखल्या पक्ष्याची अकरा घरटी यंदा भरतीने नेली, एकच उरले. त्यावर नजर ठेवायला माणूस नाही. मी म्हणालो, मी आहे की! सौ. स्वयंपाकघरातून म्हणाली, ने गं बाई, ने यांना. घरी बसून दुधाच्या पिशवीवरचा मजकूरसुद्धा तपासतात. (पिशवीवर चार चुका होत्या. ही तक्रार नव्हे, वस्तुस्थिती होय.)

लेकीची अट: घरट्याभोवती बांधलेल्या दोरीच्या आत पाऊल टाकायचे नाही. मुळात बाहेरच्या माणसाला तिथे बसवणेच नियमाविरुद्ध. साहेबांना कळले तर तिचे कंत्राट गेलेच म्हणून समजा. मी तिला निश्चिंत केले. तेहतीस वर्षे मुद्रितशोधन केले, नजरेतून स्वल्पविराम सुटला नाही. घरटे काय सुटणार?

४ एप्रिल. दुपारी १.

घरटे म्हणजे वाळूतला खळगा. आत तीन अंडी, ठिपकेदार, वाळूच्याच रंगाची. दोरी पन्नास पावलांवर. तिथून दुर्बिणीतही पक्षी बसला आहे की गोटा पडला आहे, हे उमगत नाही. दोरी अर्थातच जनसामान्यांसाठी आहे. तरीही शिस्त ती शिस्त. बाहेरच बसलो.

५ एप्रिल. ११.१५.

आत गेलो. नोंद अचूक हवी असेल तर निरीक्षण जवळूनच व्हावयास हवे.

आणि काय नवल! मादी स्वतःहून सामोरी आली. एक पंख वाळूत फरफटवत, केविलवाणे ओरडत. चार पावले जाई, थांबे, वळून माझ्याकडे पाही. जायबंदी जीव मदत मागत होता. मी मागोमाग गेलो. पाण्याच्या कडेला पोचताच भुर्रकन उडाली. माझ्या सहवासाने बरे वाटले असावे.

७ एप्रिल.

रोज तीच भेट. माझी चाहूल लागताच लंगडत येते. घरी मी खोलीत शिरलो तर टीव्हीवरची नजर कोणी हलवत नाही.

लेकीने विचारले, मादी अंड्यांवर बसते ना? म्हणालो, येते-जाते. ती म्हणाली, येते-जाते म्हणजे काय बाबा, एवढ्या उन्हात? मी विषय तिच्या रिपोर्टमधल्या अनुस्वारांकडे वळवला. आत जातो हे योग्य वेळी सांगेन.

९ एप्रिल.

मादी बेजबाबदार आहे. मी तिथे असेतोवर ती घरट्याकडे ढुंकूनही पाहत नाही. नुसती लंगडत हिंडते. आज घड्याळ लावून मोजले: एक तास चाळीस मिनिटे. अंडी भर उन्हात! कोणीतरी पालकत्व स्वीकारले पाहिजे.

१० एप्रिल. १२.२०.

घरची मोठी काळी छत्री उघडून दांडा वाळूत खोल रोवला. सावली नेमकी तिन्ही अंड्यांवर. वाऱ्याने हलू नये म्हणून दांड्याभोवती चार दगड. मादी लांब उभी राहून एकटक पाहत होती. कृतज्ञतेला भाषा लागत नाही. छत्री तिथेच ठेवून आलो.

सौ.ने विचारले, छत्री कुठे? म्हणालो, कामावर आहे. सौ. म्हणाली, बरं झालं, तुम्हा दोघांपैकी एक तरी कामाला लागलं.

१२ एप्रिल.

काल गुडघा धरला म्हणून गेलो नाही. लेक खाडीच्या दुसऱ्या टोकाला होती. आज संध्याकाळी ती छत्री काखेत मारून घरी आली. अंडी थंडगार पडली. छत्रीला बुजून मादी दोन रात्री फिरकलीच नाही. मी रोजच्या भेटींचे सगळे सांगितले.

लेक ओरडली असती तर बरे झाले असते. हळू म्हणाली, ती जखमी नव्हती, बाबा. कोणी घरट्याजवळ आलं की ती सोंग करते, त्याला दूर न्यायला. तुम्ही रोज जायचात तिच्यामागे, आणि रोज परत यायचात. मी म्हणालो, हे मला आधी सांगावयास हवे होते. ती म्हणाली, आत जाऊ नका, एवढं सांगितलं होतं ना?

रिपोर्टमध्ये तिने लिहिले: घरटे सोडून दिले. कारण अज्ञात.

१३ एप्रिल. सकाळी ९.

कारण अज्ञात नाही. कारण मी आहे. असत्य नोंदीखाली माझ्या लेकीची सही असणे मला मान्य नाही. साहेबांना पत्र लिहिले. सहा पाने, तारीखवार, वेळा व पावलांच्या आकड्यांसह. चौथ्या पानावर निःसंदिग्ध शब्दांत मांडले की, तिने मला विनापरवानगी बसवले असले तरी दोष सर्वस्वी माझा. आणि ‘अज्ञात’ हा शब्द तिने केवळ पितृभक्तीने योजला. असा प्रामाणिकपणा हल्ली दुर्मीळ. साहेब तिला कायमच करतील.

सौ. म्हणाली, तिला दाखवलंत का? म्हणालो, आधी दाखवले तर मोडता घालेल. सौ. म्हणाली, अहो, मी पाया पडते, नका देऊ. स्वहस्ते देऊन आलो.

१६ एप्रिल.

साहेबांनी लेकीला बोलावून पत्र अथपासून इतिपर्यंत वाचून दाखवले. भाषेची स्तुती केली म्हणे. मग तिच्याकडून किल्ल्या, दुर्बीण आणि ओळखपत्र मागून घेतले.

मी म्हणालो, दुसरे पत्र लिहितो. एक मुद्दा मांडायचा राहिलाच. लेक म्हणाली, नको बाबा. खोलीत गेली.

१७ एप्रिल. सकाळी ६.४०.

एरवी या वेळेला लेक निघालेली असते. दार बंद आहे. तिचे चिखलाचे बूट सौ.ने धुऊन गच्चीत उलटे ठेवले आहेत. मी चहाचा कप घेऊन उठलो. म्हणालो, आत नेऊन देतो, दोन शब्द बोलतो. सौ.ने कप हातातून काढून घेतला. म्हणाली, तुम्ही नका जाऊ तिच्याजवळ. बसा इथेच.

बसलो आहे.