घरगाडीचे छप्पर कापू नये

मी, सहदेव अर्जुन मेस्त्री, वय ६८, धंदा बसगाड्यांच्या बॉडी बांधणे, राहणार मरोळ, अंधेरी पूर्व, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. गुडघे गेले आहेत. डोके शाबूत आहे.

१. मरोळची खोली मुलगा चंद्रप्रकाश याला द्यावी.

२. वेल्डिंगचे यंत्र व पत्र्याची सर्व हत्यारे माझा भागीदार धोंडिराम याला द्यावीत. त्याच्याशी मी चार वर्षे अबोला धरला. चूक माझी.

३. जुन्या मॅटाडोरवर मी बांधलेली घरगाडी मुलगी सुगंधा हिला द्यावी. चंद्रप्रकाशला तिचे छप्पर कापून ती मालवाहतुकीला लावायची आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

गाडी पत्नी मालनसाठी बांधली. तिची अट एकच: "माका उभ्यान भाकरी करूक व्हयी. वाकान वाकान कंबर गेली माझी." मी छप्पर उंच केले. गाडी कपाटासारखी झाली, वारा अडवू लागली, लिटरला सात किलोमीटर देऊ लागली. धोंडिराम म्हणाला, "फूटभर उतरव, अकरा देईल." मी आधी नाक गोल केले, टपावरचा कॅरियर काढला. नऊ झाले.

१९८३ साली मालन ऑपरेशनसाठी इस्पितळात असताना आम्ही दोघांनी छप्पर उतरवले. खरोखर अकरा दिले. मी शेडमध्ये पेढे वाटले.

मालन घरी आली, गाडीत शिरली आणि तिचे कपाळ आपटले. रागावली नाही. खाली बसून तिने चहा केला. "आता बरी धावतली मां?" एवढेच विचारले.

दुसऱ्या दिवशी मी छप्पर पुन्हा चढवायला घेतले. धोंडिराम भडकला, "येडा झालास काय रे? केलेल्या कामाची वाट लावतोस!" त्याचे गणित बरोबर होते, हे मी गेल्या महिन्यात त्याच्या घरी जाऊन सांगितले.

पुढची तीन वर्षे मालनने देवगडला, आंबोलीला, एकदा थेट हंपीला उभ्याने भाकऱ्या केल्या. मग ती गेली.

डिझेल कितीही महागो, छप्पर कोणीही कापू नये. चंद्रप्रकाशने या गाडीवर हक्क सांगू नये.

४. सुगंधाने गाडी चालवायला शिकावे. सासरी विचारत बसू नये. धोंडिराम शिकवणार आहे.

५. माझ्या फोटोला हार घालून गाडी दारात उभी ठेवू नये. बाराव्यानंतरच्या पहिल्या रविवारी सुगंधाने आपल्या मुलींना घेऊन निघावे. कुठे जायचे, ते मुलींनी ठरवावे.

सहदेव अर्जुन मेस्त्री

आमच्यादेखत सही केली:
श्यामसुंदर गजानन राजाध्यक्ष, विलेपार्ले
डॉ. नलिनी वामन सामंत, मरोळ

अंधेरी, १२ फेब्रुवारी १९८८