जर्मनीची वेळ

बुदेश्ती, मारामुरेश
रविवार, ११ मे

प्रिय स्मारांदाताई,

आम्ही सगळे ठीक. गाय व्यायली, कालवड झाली. तोआदेरची गाडी माणसं घेऊन जर्मनीला निघालीय, तिच्यातून अक्रोडाचा मुरंबा पाठवतोय, त्यातच हे पत्र आहे. फोनवर सगळं बोलता येत नाही, कारण बाबा शेजारीच बसून असतात आणि कान अजून तिखट आहेत.

तू तिकडून पाठवलेल्या गजराच्या घड्याळाबद्दल लिहायचं होतं. भारी वस्तू, पण हट्टी. संध्याकाळी आपली वेळ लावावी, तर सकाळी पुन्हा तासभर मागे. बाबांच्या हृदयाच्या ऑपरेशनला तोआदेरच्या गाडीने क्लुझच्या इस्पितळात जायचं होतं, त्या पहाटे असंच झालं. तोआदेरने वळणावर भोंगा वाजवला आणि तो निघून गेला. तो कुणासाठी थांबत नाही, तुला माहीतच आहे. मी तुला मनातल्या मनात खूप शिव्या घातल्या.

मोबाइलचा गजर लावतो म्हटलं होतं, तर बाबांनी मला उडवून लावलं. "पोरीने पाठवलंय ना? मग तेच वाजेल!"

शेवटी पाद्रीणबाईंकडून घड्याळासोबत आलेला माहितीचा जर्मन कागद वाचून घेतला. त्या हसल्या. "अरे इलारिए, ते रेडिओवर चालतं. जर्मनीतल्या मनोऱ्याचं ऐकतं, तुझं कशाला ऐकेल?" लहरी पोचल्या की पडद्यावर मनोऱ्याचं चिन्ह दिसतं, हेही त्यांनी सांगितलं. वेळेत एक तास वाढवायची सोय असते म्हणे, पण ते बटण काही मला सापडलं नाही. मग मी घड्याळ हाताने लावलं आणि लहरी पोचू नयेत म्हणून चरबीच्या पत्र्याच्या डब्यात घालून झाकण घट्ट बसवलं. दोन दिवस वेळ बिनचूक राहिली. चिन्ह नाहीच. मी खूश!

इस्पितळाने दुसरी तारीख दिली. त्या पहाटे मला जाग आली ती तोआदेरच्या भोंग्याने. मी अनवाणी अंगण ओलांडून धावलो.

ताई, बाबा पलंगावर बसले होते. दाढी केलेली, चर्चचा सदरा अंगात, बूट पायात. मांडीवर तो डबा, झाकण उघडं. घड्याळ तासभर मागे आणि मनोऱ्याचं चिन्ह कुठेच नाही, म्हणजे वेळ हाताने फिरवलेली.

"हे तुम्ही केलंत?" मी ओरडलो.

"मला काय कळतंय त्या यंत्रातलं?"

"बाबा!"

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाले, "ऑपरेशनच्या टेबलावरच गेलो तर? तिला शेवटचं काय बोललोय मी, आठवतंय ना तुला?"

आठवतंय. तू नवऱ्याचं घर सोडून आलीस, तेव्हा फाटकात उभं राहून ते म्हणाले होते, मेलो तरी मातीला येऊ नकोस. त्यानंतर तू वस्तू पाठवतेस, आवाज नाही. मला फोन करतेस, त्यांना द्यायला सांगत नाहीस. ते शेजारी बसतात ते याचसाठी.

मी म्हटलं, फोन लावून देतो. म्हणाले, "फोनवर माफी मागतात होय?" असा हेकट माणूस. मला राग येतो त्यांचा, आणि तुझाही येतो. पण त्यांचे ओठ हल्ली निळे दिसतात आणि रात्री मी त्यांचा श्वास ऐकत जागतो.

येत्या एकवीस तारखेची, बुधवारची वेळ मिळाली आहे. यापुढे देणार नाही, असं डॉक्टरीणबाई स्पष्ट म्हणाल्या. तोआदेर एकोणीस तारखेला, सोमवारी, तिकडून परत निघतो. त्याच्या शेजारची जागा तुझ्यासाठी धरून ठेवायला सांगितली आहे.

घड्याळातल्या बॅटऱ्या मी काढून घेतल्या आहेत. बुधवारी बाबांना तूच उठव.

वाट बघणारा,
तुझा इलारिए