रिकामं पिंप

१० मे
सांगलीला बदली झाली आणि रोज नळाला पाणी येणाऱ्या गावात जन्मात पहिल्यांदा राहायला आलो. आम्ही दुष्काळी माणचे. आमच्याकडं सोयरीक जुळवताना मुलीआधी तिच्या घरची विहीर बघतात. घर नदीकाठी, तळमजला. भिंतींना नवा चुना. वर मालकीण बनुबाई. पुराच्या धास्तीनं त्यांचा माळा म्हणजे किराणा दुकानच: चुरमुरे, बिस्किटं, काडेपेट्या, मेणबत्त्या, दोरखंड. पाणी मात्र थेंबभर नाही. विचारलं तर म्हणाल्या, "लागंल तवा नळ सोडा. भरून ठेवू नका. साठलेलं पाणी नदीला वाट दावतं." मी मान डोलावली आणि बाजारातून दोन पिंपं आणली.

१२ मे
पिंपं, बादल्या, कळशा, कुकरसुद्धा भरला. शालू रविवारी येतेय, दुसरी किल्ली तिच्याकडंच आहे. फोनवर नवरा जेवला का हे नाही, पिंप भरलं का हे विचारलं. खरी माणची.

१४ मे
भिंतीवर घोट्याच्या उंचीला मातकट रेघ उमटलीय. नदीत तर म्हशीचं पोटही भिजत नाही. बनुबाईंना दाखवली. त्या उंबऱ्याबाहेरच थांबल्या. मग सांगितलं: महापुरात त्यांच्या मालकांनी वरच्या मजल्यावर पिण्याच्या पाण्याचं पिंप भरून ठेवलेलं. पूर तिथवर चढलाच नाही, तरी मालक पिंपाशेजारी बुडून मेले. तोंडात गाळ. हे आधी का नाही सांगितलं, तर म्हणे, "सांगितलं आसतं तर भाडेकरू गावला आसता व्हय?" सगळं ओता म्हणाल्या. पाणी ओतायचं? आमच्याकडं याला पाप म्हणतात.

१५ मे
रेघ कमरेला. बोट फिरवलं, ओला गाळ. पिंपातलं पाणी गढूळ, नदीचा वास. बनुबाई उंब्रजला बहिणीकडं गेल्या. घर माझ्या भरवशावर टाकलं, दोरखंड मात्र बरोबर नेला.

१६ मे
ओतलं. कुकरसकट सगळं. रेघ उतरली, पार घोट्यापर्यंत. हसू आलं. वही घेऊन आतल्या खोलीत जरा टेकलो तर दार ओलीनं फुगून बसलं. हलेना. खिडकीला गज. फोन स्वयंपाकघरात, पिंपाच्या झाकणावर वाजतोय. शालूच.

रविवार
कुलूप उघडलं. शालू आली. हाक मारतोय— आवाज नाही, घशातून नुसते बुडबुडे. दारावर थापा मारल्या, ओल्या लाकडाला आवाज कुठला.
बाहेर तिचं चाललंय— आवं, कुठं हाय तुमी? दोन-दोन पिंपं अन् थेंब न्हाई घरात. लाज हाय का या माणसाला.
नको. शालू, नको—

नळ सोडला.
पिंप भरताना आधी घुमतं, मग आवाज बारीक होत जातो. लहानपणी याच आवाजानं झोप लागायची—
रेघ गुडघ्याला.
कमरेला. वही वर धरलीय—
दुसरं पिंप लावलं तिनं. गुणगुणतेय. खूश आहे.
हनुवटी—
कळशा राहिल्यात अजून. भरल्याशिवाय ती काही—